अठरा इंच कोणत्या पुस्तकात होते?

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या सिडकोतले एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी अकरावीतली. तिने स्वतःच शिकून एक प्रोग्राम लिहिला होता. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं तो आकडा त्याला द्यायचा, आणि गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढेल ते त्याने सांगायचं. नाशिककर पूर याच मूर्तीवर मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची मोजपट्टी. त्या मोजपट्टीला आकडे जोडायचा खटाटोप या मुलीने चालवला होता. वडिलांना मात्र काळजी होती. "सर, तुम्ही वीस वर्षं या लाइनमध्ये आहात, तुमचं ती ऐकेल. तिला सांगा, हे नसते उद्योग सोड आणि एखादा रीतसर कोर्स लाव."

मी तिला तसं सांगितलं नाही. वडिलांना त्या दिवशी जे नीट समजावता आलं नाही ते आज लिहितो आहे, कारण ते मत त्यांच्या एकट्याचं नाही. क्लासच्या माहितीपत्रकात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, नातेवाइकांच्या बैठकीत ते सारखं भेटतं, आणि त्यापायी दरवर्षी कितीतरी मुलांचे अर्धे लिहिलेले प्रोग्राम अर्धेच राहतात.

ते मत आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. हौसेने शिकणाऱ्याचा पाया कच्चा राहतो. जे लागलं तेवढंच तो शिकतो आणि मधल्या पायऱ्या गाळतो. चूक दाखवणारं कोणी नसल्यामुळे वाईट सवयी अंगवळणी पडतात. ऐन अभ्यासाच्या वयातला वेळ जातो आणि शेवटी हातात प्रमाणपत्रही नसतं. एआय आता क्षणात कोड लिहून देतं, मग पोराने महिनोन्‌महिने डोकं फोडून काय मिळवायचं? आणि हौस ही मुळात खाऊनपिऊन सुखी घरांची चीज. गरिबाच्या मुलाला सरळ, ठरलेला रस्ताच हवा. यातला एकही आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरीही माझं ठाम मत आहे की स्वतःच्या हौसेने हाती घेतलेला प्रकल्प हाच प्रोग्रामिंग शिकण्याचा मुख्य रस्ता आहे. वर्ग, पुस्तक, शिक्षक, पदवी ही त्या रस्त्यावरची मोलाची सोबत आहे, पण रस्ता ती नव्हे.

पुरावा शोधायला दूर जावं लागत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या शाही स्नानाच्या दिवशी याच शहरात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. पुढचा सिंहस्थ २०१५ चा. त्याच्या आधी, २०१४ पासून, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' नावाची शिबिरं इथे भरू लागली. कुंभात ज्या अडचणी येतात त्यांवर इथल्याच तरुणांनी उत्तरं शोधायची, अशी कल्पना होती. त्यातून निलय कुलकर्णी हा पंधरा वर्षांचा मुलगा आणि विशीतले त्याचे साथीदार यांनी 'अशिओटो' तयार केलं. अशिओटो म्हणजे जपानी भाषेत पावलांचा आवाज. वाटेवर एक पट्टी अंथरायची, तिच्यावरून किती पावलं गेली ते दाबावरून मोजायचं, आकडा इंटरनेटवरून पाठवायचा, आणि कुठल्या रस्त्यावर गर्दी धोक्याच्या पातळीकडे चालली आहे ते प्रोग्रामने वेळेत सांगायचं.

पहिला नमुना त्यांनी तीन दिवसांत पुठ्ठा आणि ॲल्युमिनियमची फॉइल यांतून बनवला. पुढचा नमुना दाबाने विजेचा बारीकसा स्पंद देणाऱ्या चकत्यांचा होता. गर्दीच्या हॉटेलांत, मॉलमध्ये, देवळांत अशा सुमारे ३० ठिकाणी त्यांनी चाचण्या घेतल्या, आणि तिथे लोकांनी त्यांना शिकवलं. पट्टी लाल असली की लोक बिचकत. पाय ठेवला तर शॉक बसेल का, असं विचारत. जमिनीवर काहीतरी इलेक्ट्रॉनिक आहे हे कळलं की उडी मारून पलीकडे जात. म्हणून वर काळ्या रबराचं आवरण आलं. त्यावर धूळ बसली की ते जमिनीशी एकरूप होतं, हा जादा फायदा. जाडी १२ मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही हेही ठरलं, कारण गर्दी मोजायच्या पट्टीलाच अडखळून कोणी पडला तर ज्या संकटासाठी ती बनवली तेच ओढवायचं. आणि रुंदी ठरली १८ इंच, कारण माणसाची सरासरी टांग बघता त्याहून अरुंद पट्टी लोक न कळत ओलांडून जातील. या यंत्रणेने २०१५ च्या कुंभात १८ तासांत जवळपास पाच लाख माणसांच्या प्रवाहाचा हिशेब केला. त्या वर्षी नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरी झाली नाही. त्याचं सारं श्रेय एका पट्टीला देणं बरोबर होणार नाही, पोलिसांनी आणि प्रशासनाने रात्रीचा दिवस केला होता. पण ती पट्टी त्या कामात होती, हे खरं.

रीतसर अभ्यासक्रमाच्या समर्थकांना माझा प्रश्न आहे : ते १८ इंच कोणत्या पुस्तकात होते? १२ मिलिमीटर कुठल्या सत्राच्या कुठल्या प्रकरणात येतात? लाल रंगाला माणूस बिचकतो हे कुठल्या परीक्षेत विचारतात? असं एखादं प्रकरण अभ्यासक्रमात घातलं तरी हे भागणार नाही. वर्गात प्रश्न मुलापुढे येतो तो सोलून, निवडून, उत्तर आहे याची खात्री करून. 'दिलेल्या यादीतील सर्वांत मोठी संख्या शोधा.' यादी दिलेली, संख्या असणारच, फक्त शोधायचं बाकी. बाहेरच्या जगात मात्र प्रोग्रामरच्या कामाचा मोठा भाग असतो तो प्रश्नच नीट मांडण्याचा. काय मोजायचं, काय सोडायचं, माणूस त्याच्याशी कसा वागेल, चूक झाली तर कोणाचं नुकसान होईल. वर्गात हा भाग कोणीतरी आधीच उरकून ठेवलेला असतो. स्वतःच्या प्रकल्पात तो मुलाच्या अंगावर येतो, आणि तो पेलता पेलता मूल प्रोग्रामर होतं.

कोणी म्हणेल, त्या मुलांना शिबिर होतं, जाणकारांची सोबत होती, मग ती एकट्याने कुठे शिकली? बरोबर आहे. हौसेने शिकायचं म्हणजे खोलीत कोंडून घ्यायचं असं मी म्हणतच नाही. प्रश्न मुलाचा स्वतःचा असला पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे. प्रश्न आपला झाला की मदत मागताना आपल्याला नेमकं काय हवं ते कळतं, आणि मदत करणाऱ्यालाही कुठे हात द्यायचा ते कळतं.

आता पायाकडे वळतो. पाया कच्चा राहतो हे ज्यांना वाटतं त्यांनी पाया म्हणजे काय ते एकदा तपासून पाहावं. मी सतरा वर्षांचा असताना वडिलांच्या किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसाठी प्रोग्राम लिहिला होता. क्लासमध्ये मी 'फ्लोट' म्हणजे दशांश अपूर्णांक ठेवायचा प्रकार, ही व्याख्या पाठ केली होती आणि पेपरात तिला पूर्ण गुणही मिळाले होते. म्हणून गिऱ्हाइकांचे रुपये-पैसे मी फ्लोटमध्ये ठेवले. एक दिवस वडिलांनी यादी बघितली आणि म्हणाले, "या आजींनी परवा माझ्या डोळ्यांदेखत सगळे पैसे चुकते केलेत. त्यांचं नाव यादीत का?" मी बाकी बघितली तर शून्य दिसत होती. तरी नाव यादीतून जाईना.

दोन आठवडे मी त्यामागे होतो. मग एक गोष्ट ध्यानात आली : पाव, अर्धा, पाऊण रुपयाच्या खात्यांत ही चूक कधी होत नव्हती, दहा-वीस पैशांच्या खात्यांतच होत होती. संगणक दोनाच्या पटीत मोजतो. पाव आणि अर्धा त्याच्या मोजणीत नेमके बसतात. एक दशांश बसत नाही, जसा आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश कधीच पुरा लिहून होत नाही. फ्लोटमध्ये दहा पैसे दहा वेळा मिळवले की संगणकाच्या लेखी ते रुपयाला केसभर कमी भरतात. आजींच्या खात्यात असाच केसभर फरक उरला होता. उपाय सोपा निघाला : रुपये विसरायचे, सगळा हिशेब पूर्ण पैशांत ठेवायचा आणि छापताना रुपये करायचे. आज बँकांच्या हिशेबासाठी प्रोग्राम लिहिणारा कोणीही जाणता माणूस पैसे फ्लोटमध्ये ठेवत नाही. मला हे पाठ करावं लागलं नाही. क्लासने दिला तो शब्द, आजींच्या खात्याने दिला अर्थ. यांतला पाया कुठला?

आणखी एक उदाहरण घ्या, ते तर कोणतंही मराठी मूल आज घरी करून बघू शकतं. संगणकाला 'नाशिक' हा शब्द द्या आणि त्यात किती अक्षरं आहेत ते विचारा. आपल्या डोळ्याला तीन दिसतात. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांतला साधा प्रोग्राम पाच सांगेल, कारण काना आणि वेलांटी यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे. तोच शब्द नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवला तर पंधरा बाइट लागतात. आता त्याला तो उलटा लिहायला सांगा. आपल्याला 'कशिना' अपेक्षित आहे. तो 'किशान' लिहील, कारण श ची वेलांटी उलटताना क ला जाऊन चिकटली. परदेशी पुस्तकातली उदाहरणं इंग्रजी शब्दांची असतात आणि तिथे हा पेच पडतच नाही. ज्या मुलीने आजीच्या म्हणींची यादी लावायला घेतली, ज्या मुलाने मराठी शब्दकोड्याचा खेळ लिहायला घेतला, त्यांच्यापुढे तो पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. अक्षर म्हणजे काय, ते साठवतात कसं, डोळ्याला दिसणारं आणि यंत्रात असणारं यांत फरक काय, हे संगणकशास्त्राचे अगदी मुळातले प्रश्न आहेत. आपल्या भाषेतला, आपल्या घरातला प्रकल्प थेट तिथपर्यंत नेतो.

वाईट सवयींचा आक्षेप मात्र मी बऱ्याच अंशी मान्य करतो. हौसेने शिकलेल्या मुलांच्या कामात मी पासवर्ड उघड्या मजकुरात ठेवलेले पाहिले आहेत. चाचणी न घेता पुढे जाणं, जुनी प्रत न जपणं, रचनेचा विचार न करणं हेही पाहिलं आहे. दोनशे नावांवर झटपट चालणारा प्रोग्राम वीस हजार नावांवर का गुदमरतो ते त्यांना सांगता येत नाही. प्रत्येक नावाची तुलना प्रत्येक नावाशी होत असेल तर नावं शंभरपट झाल्यावर काम दहा हजारपट होतं, हे त्यांच्यापुढे कोणी मांडलेलं नसतं. जिथे माणसाचा जीव यंत्रावर अवलंबून आहे तिथे हौस पुरत नाही, हेही मी मान्य करतो. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्रातल्या प्रोग्रामच्या दोषांमुळे अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा बसली आणि त्यांतले काही दगावले. पण ते यंत्र कोणा हौशी पोराने बनवलेलं नव्हतं, रीतसर कंपनीचं होतं. आधीच्या यंत्रांत असलेली स्वतंत्र सुरक्षा-व्यवस्था काढून सगळा भार प्रोग्रामवर टाकला गेला होता, आणि त्या प्रोग्रामची पुरेशी तपासणी झाली नव्हती. त्या प्रकरणाचा धडा तपासणीचा आहे, शंका घेण्याचा आहे. आपला बिनचूक वाटणारा प्रोग्राम तोंडावर आपटलेला ज्याने पाहिला आहे, त्याला शंका घ्यायला वेगळं शिकवावं लागत नाही.

मग या उणिवा भरायच्या कशा? निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार जे करतो, ते करावं. चांगल्या वाणाची काडी तो थेट जमिनीत लावत नाही. आधी डॉगरिजसारखा जंगली खुंट लावतो, कारण तो पाण्याचा ताण सोसतो, खारवट जमीन सोसतो. तो खुंट मातीत घट्ट रुजला की त्यावर थॉमसनचं कलम भरतो. द्राक्ष कलमाचं, तग खुंटाची. स्वतःचा प्रकल्प हा तो खुंट आहे : वाकडातिकडा, काटक, आपल्याच मातीत धरलेला. रचनेचे नियम, गणित, चाचणीची शिस्त, सुरक्षेचं शास्त्र हे सगळं कलम त्यावर भरायचं आहे, आणि ते भरलंच पाहिजे. माझी तक्रार एवढीच की आपण खुंट उपटून टाकतो, मोकळ्या जमिनीत कलमाची काडी खोचतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती वाळली की मुलाला दोष देतो.

वेळ वाया जातो म्हणणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस आठवावा. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. जे.जे. कला विद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले होते, छपाईच्या धंद्यात मुरले होते; म्हणजे रीतसर शिक्षण त्यांच्याजवळ होतं. पण चित्रपट काढायला शिकवणारी शाळा देशात नव्हती. १९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले, आणि पैसे घालणाऱ्याची खात्री पटवण्यासाठी काय केलं? कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर काही क्षणांत त्या दाण्याचा वेल झालेला दिसला. 'अंकुराची वाढ' हा तो लघुपट. वाटाण्याच्या कुंडीसमोर महिनाभर कॅमेरा मांडून बसलेल्या चाळिशी ओलांडलेल्या संसारी माणसाकडे बघून 'नसते उद्योग' हेच शब्द ओठांवर येतील. पण प्रकाश, वेळ, चौकट, फिल्म धुणं हे सगळं त्या लहानशा प्रकल्पात हाताखालून गेलं, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि चित्रपट इथे बनू लागले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आपण त्यांचं स्मारक बांधलं आहे. तिथे मुलांना सहलीला न्यायचं आणि घरी परतल्यावर त्यांची कुंडी उचलून ठेवायची, हे योग्य नाही.

प्रोग्रामिंगच्या जगातही हेच आहे. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स हौस म्हणूनच सुरू केलं. जगातल्या सर्व्हरांचा मोठा भाग आणि आपल्या खिशातले अँड्रॉइड फोन आज त्यावर चालतात. १९८९ च्या नाताळच्या सुटीत खिडो व्हान रॉसम या डच प्रोग्रामरने वेळ घालवायला एक छंदाचा प्रकल्प हाती घेतला. तो म्हणजे पायथन. आपल्या मुलांनी हौसेचा नाद सोडावा म्हणून आपण ज्या कोर्सची फी भरतो, तिथे शिकवली जाणारी भाषा एका माणसाच्या सुटीतल्या हौसेतून जन्मली आहे. ही दोघंही शिकलेली माणसं होती, हे मी लपवत नाही. शिकलेल्या माणसांनाही मोठं काम सापडलं ते हौसेच्या वाटेवर, हे माझं म्हणणं आहे.

प्रमाणपत्राबद्दल. पदवी जरूर घ्यावी. अनेक ठिकाणी तिच्यावाचून दार उघडत नाही आणि ते नाकारून मुलांना फसवण्यात अर्थ नाही. पण दाराच्या आत काय होतं ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून पाहिलं आहे. मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारतो : "तुझ्या प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं होतं, आणि ते कसं सापडलं?" ज्याने स्वतः काही बनवलं आहे तो या प्रश्नावर खुलतो, हातवारे करून सांगू लागतो, थांबवावं लागतं. ज्याने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत आणला तो गप्प होतो. असे प्रोजेक्ट विकत मिळतात हे विद्यार्थ्यांना, पालकांना आणि शिक्षकांना, सगळ्यांना ठाऊक आहे. प्रकल्पाशिवाय शिक्षण पुरं होत नाही हे रीतसर व्यवस्थेने केव्हाच मान्य केलं आहे, म्हणून तर तो सक्तीचा आहे. पण त्यातली हौस काढून घेतली की उरतो तो बाइंड केलेल्या अहवालाचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यापेक्षा दुतोंड्या मारुतीच्या त्या अपुऱ्या प्रोग्राममध्ये मला जास्त शिक्षण दिसतं.

आता एआय. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून हा आक्षेप सर्वांत जोरात आहे. उधारीच्या वहीचा प्रोग्राम आज ते क्षणात लिहून देईल आणि बहुधा पैसे पूर्णांकातही ठेवेल. म्हणून शिकायची गरज संपली का? ही साधनं सांगितलेलं काम करतात. काय सांगायचं, आणि आलेलं उत्तर खरं की खोटं, हे माणसावरच येतं. म्हणजे प्रोग्रामिंगचा जो भाग वर्गात पूर्वीपासून दुर्लक्षित होता, तोच आता मुख्य होऊन बसला आहे. पाठ केलेल्या वाक्यरचनेची किंमत उतरली. प्रश्न मांडता येण्याची, चूक हुंगता येण्याची किंमत चढली. मुलांना मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. एआयने दिलेला कोड न समजता चिकटवून आपला प्रकल्प झाला असं मानलंत, तर तो विकत आणलेल्या प्रोजेक्टचाच नवा प्रकार होईल. त्याला कारण विचारा, त्याच्याशी वाद घाला, पण अडण्याचे ते दोन आठवडे त्याला देऊन टाकू नका. मी शिकलो ते त्या दोन आठवड्यांत.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तोच मला सर्वांत जास्त बोचतो. हौस परवडावी लागते. लॅपटॉप लागतो, वीज लागते, संध्याकाळ मोकळी लागते. पेठ-सुरगाण्याच्या मुलाला, मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याच्या मुलाला, शाळेतून आल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीला ती कुठून मिळणार? मुलींच्या बाबतीत तर दुहेरी अडचण आहे. भाऊ रात्री बाराला प्रोग्राम लिहितो तेव्हा तो हुशार असतो, बहीण लिहिते तेव्हा तिला झोपायला सांगतात. हे सगळं खरं आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. ज्यांना परवडत नाही त्यांना फक्त ठरलेला कोर्स द्यायचा आणि हौस बाकीच्यांसाठी राखायची, म्हणजे प्रश्न विचारणारे एका घरातून आणि सांगितलेलं करणारे दुसऱ्या घरातून येतील अशी सोय करणं होय.

याच शहराने याहून चांगली उत्तरं दिलेली आहेत. पुस्तक विकत घेणं थोड्यांनाच परवडत होतं त्या काळात, १८४० साली, नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय निघालं. वाचन ही पैसेवाल्यांची चैन आहे म्हणून कोणी ते सोडून दिलं नाही, पुस्तक सामाईक केलं. १९८९ साली इथेच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. नोकरी करणारा, शेती करणारा, संसार सांभाळणारी अशा सगळ्यांना स्वतः अभ्यास करून शिकता येतं, या विश्वासावर त्याची सगळी मांडणी आहे. स्वयंअध्ययनावर विद्यापीठ उभारणाऱ्या गावात 'स्वतः शिकणं म्हणजे अर्धवट शिकणं' हे वाक्य शोभत नाही.

तेव्हा मागणी करायची तर ही करू या. शाळा-कॉलेजांच्या संगणक खोल्या तास संपले की कुलूपबंद होतात, त्या संध्याकाळी दोन तास उघड्या ठेवा, मुलींना निर्धास्त येता-जाता येईल अशा बेताने. तिथे एक जाणतं माणूस बसू दे, शिकवायला नव्हे, अडलेल्याला विचारायला. कंपन्यांतून निघणारे जुने संगणक तिथे येऊ देत. शिकायला तेवढं यंत्र पुरतं. गुण नकोत, हजेरी नको. अट एकच असावी : प्रत्येकाने प्रश्न आपला आणावा. कोणी लासलगावच्या कांद्याच्या भावाचा आणेल, कोणी बागेच्या फवारणीच्या दिवसांचा, कोणी सिटी बस चुकण्याचा. पुढचा सिंहस्थ २०२७ चा आहे. तो प्रश्न तर सगळ्या शहराचा आहे.

आणि आता सिडकोतल्या त्या वडिलांसाठी. तुमच्या मुलीचा प्रोग्राम चुकला, हे तुम्ही मला थोड्या निराशेने सांगितलंत. धरणाचा विसर्ग तेवढाच असताना पाणी तिच्या आकड्यापेक्षा वर गेलं. का गेलं ते तिनेच शोधलं : धरणाच्या खाली शहरात पडलेला पाऊस आणि नाल्यांचं पाणी तिने धरलंच नव्हतं, आणि सोडलेलं पाणी रामकुंडावर पोचायला वेळ लागतो हेही सुटलं होतं. आता ती पावसाचे आकडे मिळवते आहे आणि दोन-तीन कारणांचा एकत्र परिणाम कसा मोजतात हे विचारते आहे. ते संख्याशास्त्र आहे. तिला चांगलं पुस्तक द्या, लागला तर क्लासही लावा. आता लावलेला क्लास तिला मानवेल, कारण आपल्याला काय हवं आहे ते तिला माहीत आहे. खुंट रुजला आहे, आता कलम भरा.

मात्र ती चूक तिला घरात बसून सापडली नव्हती. भर पावसात होळकर पुलावर उभी राहून तिने पाणी पाहिलं होतं. पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा जाईल. तेव्हा तिला अडवू नका, तिच्याबरोबर जा, कठड्यापासून दोन पावलं मागे उभे राहा, आणि ती वहीत आकडे लिहून घेईल तेवढा वेळ छत्री तुम्ही धरा.